फुकटचा सल्ला

जगाच्या बाजारात अशी एकच वस्तू आहे, की जिची आवक कधी घटत नाही, आणि गिऱ्हाईक फिरकले नाही तरी जिचा दुकानदार निराश होत नाही. ती वस्तू म्हणजे सल्ला. सर्दीने बेजार झालेला मनुष्य घराबाहेर पडला, की गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत त्याला पाच काढे आणि दोन वैद्य कळतात. मुलीचे लग्न ठरवणाऱ्या बापाची गोष्ट तर बोलायलाच नको. आम्ही स्वतः या वस्तूचे जुने व्यापारी आहोत. एका बँकेत शेतीकर्जाचे अधिकारी म्हणून आमच्या आयुष्याची एकतीस वर्षे गेली. कर्ज व्याजाने द्यावयाचे आणि त्यावर सल्ला फुकट, असा तो व्यवहार होता. सेवानिवृत्त झाल्यावर आमचे कर्ज देणे थांबले; सल्ला देणे मात्र थांबले नाही. आमच्या घरच्या मंडळींचे म्हणणे असे, की लोक आमचे ऐकून घेतात ते केवळ आमच्याकडचा चहा चांगला असतो म्हणून.

या विषयाकडे आमचे मन वळण्याचे कारण एक पत्र झाले. आमचा भाचा इंग्लंडात एका लहान गावी राहतो. त्याच्या शेजारी मेंढ्या पाळणारा एक वृद्ध शेतकरी आहे. युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर इंग्लंडच्या सरकारने शेतकऱ्यांना जमिनीच्या मापाने मिळणारे अनुदान २०२१ पासून सात वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करावयाचे ठरवले. अनुदान आटू लागले आणि त्याच्या जागी सरकारने आणखी एक गोष्ट देऊ केली. ती म्हणजे मोफत व्यवसायसल्ला. निरनिराळ्या संस्थांची माणसे शेतकऱ्याच्या घरी येत, त्याचे हिशेब पाहत, आणि अनुदानावाचून संसार कसा चालेल याचा आराखडा करून देत. मार्च २०२५ मध्ये ती मोफत सल्ल्याची योजनाही संपली. भाच्याने विनोदाने लिहिले होते, "मामा, तुम्ही इकडे जन्मला असता तर तुमच्या आवडीचे काम तुम्हाला सरकारी खर्चाने करता आले असते."

पत्र वाचून आम्ही हसलो खरे. पण हसता हसता तलकाडची आठवण झाली आणि हसू मावळले.

तलकाड आमच्या म्हैसूरपासून दोन घटकांच्या मोटारप्रवासावर आहे. तिरुमकुडल नरसीपूरला कावेरी आणि कपिला यांचा संगम ओलांडून पुढे गेले, की कावेरी एक मोठे वळण घेते आणि त्या वळणावर हे गाव वसले आहे. एके काळची ही गंग राजांची राजधानी. होयसळ विष्णुवर्धनाने चोळांकडून ती जिंकली आणि १११७ च्या सुमारास येथे कीर्तिनारायणाचे देऊळ उभारले. आज यात्रेकरू येथे येतो तो मात्र वाळू पाहावयास. राजधानीची राजधानी वाळूच्या टेकड्यांखाली गेली आहे. देवळे खणून काढावी लागतात, आणि पायऱ्या उतरून देवाच्या भेटीस जावे लागते. कित्येक वर्षांच्या अंतराने कार्तिकात पंचलिंगदर्शनाचा योग येतो, तेव्हा या वाळूतून लाखो पावले चालतात. मागला योग २०२० च्या डिसेंबरात येऊन गेला. वाळूचे कारण विचाराल, तर गावातील कोणताही मुलगा तुम्हाला अलमेलम्मेचा शाप सांगेल. १६१० साली राजा वोडेयरांनी श्रीरंगपट्टण घेतले. तेथील विजयनगरच्या प्रतिनिधीची ही पत्नी मालंगीजवळ कावेरीत उडी घेताना शाप देऊन गेली, की तलकाड वाळू होवो, मालंगी डोह होवो आणि म्हैसूरच्या राजांना संतती न होवो.

परंतु आम्ही तलकाडला प्रथम गेलो ते शापासाठी नव्हे, वसुलीसाठी.

ती हकीकत अशी. १९९२ साली आमची नेमणूक त्या बाजूच्या एका शाखेत होती. त्या वर्षी २५ ऑगस्टला सरकारने स्फुरद आणि पालाश या खतांवरील किंमतीचे नियंत्रण उठवले व त्यांवरची सूट काढून घेतली. तिजोरीवर भार फार झाला होता, आणि देशाची परकीय गंगाजळी आदल्याच वर्षी तळाला जाऊन आली होती. तेव्हा काहीतरी करणे भागच होते. डीएपीचे भाव भराभर चढले. पोटॅशचे तर दुपटीच्या वर गेले. युरियावरची सूट मात्र कायम राहिली. इतकेच नव्हे, तर त्याची किंमत सुमारे दहा टक्क्यांनी उतरवण्यात आली. हे सारे घडले ते भाताच्या हंगामात. त्या वर्षी लावणी मागे पडलेले पुष्कळ शेतकरी आमच्या टेबलाभोवती जमले होते, आणि सर्वांचा प्रश्न एकच होता: "स्वामी, आता काय करायचे?"

त्यांत तलकाडचा एक तरुण शेतकरी होता. त्याचा नामनिर्देश येथे करण्याचे कारण नाही. पुढे आम्ही त्याला कन्नड रीतीने 'यजमान' म्हणू लागलो, तेव्हा येथेही तसेच म्हणू. तीन एकर पाण्याखालची जमीन, बैलांची एक जोडी, घरात म्हातारी आई. वर्तमानपत्रे आम्ही वाचत होतो, आणि गणिताविषयी आम्हाला लहानपणापासून अभिमान. पैसे भरावयाच्या चिठ्ठीची कोरी बाजू उलटी करून आम्ही तिच्यावर दोन रकाने आखले. डावीकडे जुने भाव, उजवीकडे नवे. हिशेब स्वच्छ होता. महागले ते कमी करावे, स्वस्त झाले ते वाढवावे. डीएपी निम्मे, पोटॅश बंद, युरिया दीडपट. एकरी खर्च जवळजवळ पूर्वीइतकाच राहत होता. यजमानाने ती चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि दोन्ही हात जोडले. असा सोपा सल्ला इतक्या थोड्या वेळात दिल्याबद्दल आम्हाला त्या दिवशी फार समाधान वाटले.

भाताने दोन महिने आमची लाज राखली. असे हिरवेगार पीक गावात दुसरे नव्हते. परंतु ज्याला थोडे तरी शेतीशास्त्र येते त्याला पुढचे सांगावयास नको. नुसत्या नत्रावर वाढलेले भात गुबगुबीत होते, पण त्याच्या अंगात बळ नसते. ताटाला ताठपणा देणारे पालाश आम्ही बंद केले होते. कोवळ्या लुसलुशीत पानांवर करपा आला, आणि कणसे भरू लागताच एका रात्रीच्या पावसावाऱ्याने सगळे पीक लोळले. घरात आले ते निम्म्याहूनही कमी. हप्ता थकला. थकलेल्या खात्यांना नोटिसा पाठवण्याचा शिरस्ता होता आणि नोटिसांवर सही करण्याचे काम आमचेच होते. म्हणजे ज्या हाताने चिठ्ठीवर सल्ला लिहिला, त्याच हाताने नोटिशीवर सही केली. त्या वेळी ही संगती आमच्या ध्यानात आली नाही. नोटिसा शेकड्यांनी निघत. त्यांवरची नावे कोण वाचतो?

काही महिन्यांनी वसुलीच्या फेरीत आम्ही तलकाडला गेलो. गोठा रिकामा होता. यजमानाने रक्कम मोजून दिली, पावती घेतली, आणि आईला आत हाक मारून आम्हाला ताक द्यावयास सांगितले. बैलांविषयी त्याने काही सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

आता एका बाजूने आमचा बचाव करता येईल, आणि तो आम्ही स्वतःशी पुष्कळ वेळा केला आहे. ही चूक आमची एकट्याची नव्हती. १९९१–९२ मध्ये आपल्या देशात नत्र, स्फुरद आणि पालाश यांचा वापर ५.९ : २.४ : १ या प्रमाणात होत होता. एका वर्षात तो ९.५ : ३.२ : १ वर गेला. शास्त्रज्ञ योग्य मानत आले ते प्रमाण ४ : २ : १ असे आहे. म्हणजे काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत लक्षावधी शेतकऱ्यांनी त्या हंगामात आमच्या चिठ्ठीप्रमाणेच वागणूक केली, आणि त्यांपैकी कोणीही आमच्या टेबलापाशी आला नव्हता. त्यांना सल्ला दिला तो खताच्या दुकानातील भावाच्या पाटीने. भाव हा सर्वांत मोठ्या आवाजाचा सल्लागार आहे. सरकारने एक सूट काढली व दुसरी ठेवली, त्याच क्षणी तिने देशाच्या मातीला एक सल्ला देऊन टाकला. पुढे टनामागे हजार रुपयांची तात्पुरती सवलत आली, २०१० मध्ये पोषकद्रव्यांवर आधारलेली नवी पद्धत आली, २०१५ मध्ये माती तपासून आरोग्यपत्रिका वाटण्यास आरंभ झाला. पण युरियाचा तोल अजून सावरलेला नाही.

सूट असावी की नसावी, या वादात शिरण्याची आमची योग्यता नाही. त्या वादात आमच्या दोन्ही भाषांतील मोठी माणसे समोरासमोर उभी होती. महाराष्ट्रात शरद जोशी सांगत, की सरकार शेतकऱ्याला एका हाताने सूट देते आणि भाव पाडून दुसऱ्या हाताने त्याहून अधिक काढून घेते. म्हणून सूट नको, घामाचे दाम द्या आणि बाजार मोकळा करा. इकडे कर्नाटकात प्राध्यापक नंजुंडस्वामी त्याच मोकळ्या बाजाराविरुद्ध हिरव्या उपरण्यांचे मोर्चे काढीत. दोघेही आज हयात नाहीत. दोघांच्याही सभा आम्ही मागच्या रांगेत उभे राहून ऐकल्या, आणि दोन्ही वेळा आम्हाला वक्त्याचेच म्हणणे पटले. बँकेतल्या माणसाचे असेच होते. पण एक गोष्ट आमच्या मनात राहिली. सूट काढण्याचा निर्णय एका सायंकाळी होतो. तिच्यावाचून जगण्याची विद्या मात्र शिकावी लागते, आणि ती शिकवणाऱ्याने शिष्याच्या तोट्यात काही भाग घ्यावा की नाही, हा खरा प्रश्न आहे.

भाच्याच्या पत्रानंतर आम्ही या बाबतीत थोडे वाचन केले, त्यात न्यूझीलंडचे उदाहरण आढळले. १९८४ साली त्या देशात नवे सरकार आले आणि त्याने शेतीची जवळजवळ सारी अनुदाने थोड्या अवधीत काढून टाकली. आठ हजार शेते बुडतील असे भाकीत होते. प्रत्यक्षात सुमारे आठशे कुटुंबांना जमीन सोडावी लागली. १९८२ मध्ये तेथे सात कोटी मेंढ्या होत्या, त्या आज तीन कोटींच्याही खाली आहेत. माणसे दूध, द्राक्षे आणि हरणे यांकडे वळली. अनुदानाच्या विरोधकांना हे उदाहरण फार आवडते. परंतु आम्हाला त्यात निराळेच काही दिसले. तेथे मोफत मिळणारा सरकारी शेतीसल्लाही अनुदानाबरोबरच आटला. सल्ल्याला पैसे पडू लागले. मात्र शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सरकारी ग्रामीण बँकेने अडचणीत आलेल्यांच्या कर्जाचा काही भाग सोडून दिला. कोणता कारभार बरा, सल्ला फुकट आणि कर्ज पुरे, की सल्ला विकत आणि कर्ज थोडे हलके? आम्ही १९९२ मध्ये पहिला प्रकार केला होता. सल्ल्याचे आम्ही काही घेतले नाही, आणि कर्जाचे काही सोडले नाही.

हे वाचन डोक्यात घोळत असतानाच यंदा कार्तिकात आम्ही तलकाडला गेलो. यजमान आता साठीच्या पुढे गेले आहेत. आता आम्हीही त्यांना अहोजाहो करतो. दारात पाहताच "बन्नी, स्वामी" म्हणून त्यांनी आमचे स्वागत केले, आणि जेवण झाल्यावर, आम्ही न मागता, आतून एक वही आणली. जाड पुठ्ठ्याची, दुकानदार वापरतात तशी लांबट खतावणी. अशा तीन भरून झाल्या आहेत, ही चौथी; पण त्यांनी आम्हाला उघडून दाखवली ती पहिली.

प्रत्येक पानावर चार रकाने होते. सल्ला काय मिळाला, कोणाकडून, त्याप्रमाणे काय केले, आणि काय झाले. कन्नड अक्षर ठळक आणि सावकाश काढलेले. पहिल्या पानावरची पहिली नोंद १९९२ ची. सल्ला: डीएपी अर्धे, पोटॅश नको, युरिया दीडपट. कोणाकडून: बँकेचे स्वामी. काय केले: तसेच. काय झाले: पीक लोळले, बैलजोडी गेली.

आम्ही ते पान दोनदा वाचले. पहिल्यांदा समजले नाही म्हणून नव्हे.

यजमान शांतपणे सुपारी कातरीत होते. ते म्हणाले, "रागाने लिहिलेले नाही, स्वामी. त्या वर्षी कळले, की सांगणारा विसरतो. म्हणून लिहून ठेवू लागलो." पुढची पाने त्यांनीच उलटली. सुत्तूरच्या कृषि विज्ञान केंद्रात माती तपासून आणल्याची नोंद होती. भातापूर्वी धैंचा पेरून तो चिखलात गाडल्याची नोंद होती, बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला घातल्याची होती. होबळीच्या रयत संपर्क केंद्रातून आणलेले जस्त एका तुकड्यात कामी आले आणि दुसऱ्यात आले नाही, हेही होते. २००४ साली सुरू झालेल्या फुकट दूरध्वनीवर विचारलेले प्रश्न होते. त्यांतल्या एका उत्तरापुढे 'उत्तम' आणि दुसऱ्यापुढे 'आमच्या मातीस नाही' असा शेरा होता. कोणाची निंदा नाही, स्तुती नाही. आजूबाजूचे शेतकरी संध्याकाळी या ओसरीवर येतात, आणि यजमान त्यांना स्वतःचे मत सांगण्याऐवजी वहीचे पान काढून देतात. तेही फुकटच. पण त्या फुकट सल्ल्यामागे एका बैलजोडीची किंमत भरलेली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हाला माधवमंत्र्याचा बांध दाखवावयास नेले. विजयनगरच्या काळी, चौदाव्या शतकात, माधवमंत्री नावाच्या अधिकाऱ्याने कावेरीवर हा दगडी बांध घातला, अशी परंपरा आहे. त्याचे पाणी आजही कालव्याने शेतांत जाते. काही अभ्यासकांचे म्हणणे असे, की शापाच्या गोष्टीमागे हाच बांध आहे. प्रवाह अडला, तलकाडच्या वळणावरचे नदीचे पात्र उघडे पडले, वाऱ्याला वाळू मोकळी झाली, आणि ती शतकानुशतके गावावर चालून आली. तसे असेल तर ज्या हाताने भात पिकवले, त्याच हाताने देवळे पुरली. माधवमंत्र्याला आम्ही दोष देत नाही. त्याने पाणी आणले, ते त्याला दिसले. वाळू यावयास पिढ्या लागल्या, ती पाहण्यास तो नव्हता. बांधावर उभे असता आम्हाला आमची चिठ्ठी आठवली. मंत्री तरी मरण पावला होता. आमची फक्त बदली झाली होती.

परतताना यजमानांनी विचारले, "उद्या युरियाचीही सूट गेली, तर काय करायचे, स्वामी?" ४५ किलोच्या पोत्याला कर आणि कडुनिंबाच्या लेपाचा आकार सोडून २४२ रुपये, हा भाव २०१८ पासून तसाच आहे, आणि सरकारला ते पोते त्याच्या कित्येक पट किमतीला पडते. हे कायम चालणार नाही, असे त्यांना वाटते. त्यांचा मुलगा ऊस लावू म्हणतो, सून रेशमाचे किडे पाळू म्हणते. तेहतीस वर्षांपूर्वी आम्ही पाच मिनिटांत उत्तर दिले असते. या वेळी आम्ही म्हैसूरचे परतणे पुढे ढकलले, आणि चारही वह्या मागून घेतल्या.

दोन दिवस आम्ही ओसरीवर बसलो. तीन एकरांचे पाच तुकडे आहेत. प्रत्येकाचा जमाखर्च निराळा मांडला. युरिया दुप्पट झाला तर कोणता तुकडा सोसेल, तिप्पट झाला तर कोणता आधी तोट्यात जाईल, हे काढले. निघाले ते असे, की धैंचा गाडलेल्या तीन तुकड्यांना भाववाढ फारशी लागत नाही; चौथा कसाबसा तगतो; आणि नदीकडचा हलका पाचवा तुकडा सूट असतानाही भातात तोट्यातच आहे. ती तूट आजवर घरच्या माणसांच्या न धरलेल्या मजुरीखाली झाकली गेली होती. सुनेची मजुरी धरताच ती उघडी पडली. सून दाराआडून ऐकत होती, ती म्हणाली, "हे मी चार वर्षे सांगते आहे." त्या घरात मोफत सल्ला आधीपासूनच मिळत होता, फक्त त्याच्यासाठी वहीत रकाना नव्हता.

पाचव्या तुकड्यात तुती लावावी काय? आम्ही सांगितले, की रेशमातले आम्हाला कळत नाही. २०११ साली परदेशी कच्च्या रेशमावरील आयातकर तीस टक्क्यांवरून पाचावर आणला होता, तेव्हा कोशांचे भाव कोसळून शेतकरी रस्त्यावर आले होते, एवढे आठवते. म्हणजे तिकडेही एक सूट आहे, आणि तीही दुसऱ्याच्या हाती आहे. म्हणून आधी अर्धाच तुकडा, आणि कर्ज न काढता. इतकेच सांगितले. 'आम्हाला कळत नाही' हे वाक्य आमच्या एकतीस वर्षांच्या नोकरीत आम्ही कोणत्याही शेतकऱ्यापुढे उच्चारल्याचे स्मरत नाही.

निघताना यजमानांनी वही आमच्यापुढे केली. सल्ल्याचा रकाना त्यांनी भरला होता. 'कोणाकडून' हा रकाना रिकामा ठेवला होता. तेथे आम्ही आमचे नाव पूर्ण लिहिले, खाली तारीख घातली. चौथा रकाना कोरा आहे. सुग्गी म्हणजे इकडचा मळणीचा हंगाम. संक्रांतीला घरोघर एळ्ळु-बेल्ल वाटतात, तेव्हा खळी भरलेली असतात. त्या दिवशी तेथे हजर राहावयाचे आणि तो रकाना आमच्यादेखत भरावयाचा, असे ठरले आहे. काय लिहिले जाईल ते आम्हाला ठाऊक नाही.

घरच्या मंडळींना ही हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, "संक्रांतीला रिकाम्या हाताने जाऊ नका." आम्ही विचारले, "तिळगूळ न्यावा काय?" त्या म्हणाल्या, "तो तर न्याच. पण बैलजोडीचे इतक्या वर्षांत त्यांना कधी विचारले आहे का?"

विचारलेले नाही. ते आधी विचारावयाचे, आणि मग वही उघडावयाची.